तांबूनं खाल्लेली ओळ

"आई, तांबू शिरली! पावट्यात शिरली!"

सुनेची हाक आली तेव्हा मी पडवीत बसून पेजेचा वाडगा तोंडाला लावला होता. दीड महिन्याच्या तापानं माझे पाय काडीसारखे झाले होते, पण जीभ शाबूत होती. मी बसल्या जागेवरून ओरडले, "मग मला काय सांगतेस? गाय माझी आहे का? धर तिला!"

आमची शेवंती गाय धरायला गेली ती पदर सावरत, चिखल चुकवत, लग्नाच्या पंगतीत वाढायला निघाल्यासारखी. ही आमची सून. सात वर्षं झाली होती तिला घरात येऊन, पण बोलली तर ऐकू येणार नाही आणि चालली तर दिसणार नाही. असल्या बाईशी मी कामापुरतंच बोलायची. 'चूल पेटव', 'पाणी आण', 'झालं का', संपलं.

तिनं तांबूला दाव्यानं धरून अंगणात आणलं. तांबडी, पोटुशी, पोट जमिनीला टेकायला आलेलं. तोंडातून पावट्याचा वेल लोंबत होता आणि ती माझ्याकडे बघत सावकाश चघळत होती. मालकिणीची सगळी निर्लज्जपणाची शिकवण त्या जनावरात उतरली होती.

मालकीण म्हणजे चंद्री गावणंग. आमच्या मळ्याला लागून तिचं परसू. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घराचा एक वासा कायम वाकलेला. बाई दिवसभर काय करायची ते देवाला ठाऊक. कधीही बघावं तर न्हाणीच्या दाराशी उभी, हातात तांब्या, आणि नजर आमच्या मळ्याकडे. मी म्हणायची, मेलीला स्वतःचं काही नाही, म्हणून दुसऱ्याचं बघून पोट भरते.

आमच्याकडे भात घरात आलं, दिवाळी उरकली की गुरं उनाड सुटतात. राखणाऱ्याची गरज नाही, दावं नाही. चरतील, फिरतील, सांजेला घरी येतील. ज्याला मळा करायचा असेल त्यानं वई घालायची. मेढी पुरायच्या, आडवे बांबू बांधायचे, त्यात काट्यांच्या फांद्या गुंतवायच्या. चंद्रीच्या आणि आमच्यामधली वई दोघींची. वाटेकडची अर्धी तिनं घालायची, खालच्या पऱ्याकडची, ओहोळाकडची, अर्धी मी. माझी वई अशी असायची की त्यातून सरडा गेला तर अंग सोलून जाईल. तिची वई म्हणजे चार करवंदीच्या फांद्या आणि देवाचं नाव.

"हिला कोंडवाड्यात घाल," मी शेवंतीला म्हटलं.

"आई, विणार आहे ती दहा-पंधरा दिवसांत."

"मग कोंडवाड्यात विऊ दे. वासराला कळेल आपण कुठल्या घराण्यातले."

शेवंती गेली. सात वर्षांत 'नाही' म्हणालेली मला आठवत नाही. ग्रामपंचायतीच्या शिपायाला तिनं माझा निरोप दिला की गावकर येऊन निवाडा करतील तोपर्यंत दार उघडायचं नाही. शिपाई मला घाबरायचा. गावात बहुतेक सगळेच घाबरायचे. मी दुसरीपर्यंत शिकले, पण आमच्या वाडीत माझ्या शब्दापुढे शब्द टाकणारा माणूस मी बघितला नव्हता. तो शब्द हीच माझी कमाई. दागिने काय, चोरही नेतो.

दुपारी चंद्री आली. अंगणात आली नाही, बेड्याच्या आडव्या बांबूंपलीकडेच उभी राहिली.

"काकी, गाय सोडवा."

"आत ये की. का पाय विटाळतात?"

"नको. गाय सोडवा. दोन दिवस चारा न मिळता बसली तर उठायची नाही ती."

"पावटा खाऊन गेली आहे, दोन दिवस पुरेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची ही सवय मला कधी आवडली नाही. भांडणाऱ्या बाईचा मला राग येत नाही, तिच्यात निदान जीव असतो. ही नुसती बघायची.

"माझं म्हणणं ऐक," मी म्हटलं. "उद्या दाजीबा गावकर येतील. तुझी वई बघतील, गाय कुठून शिरली ते बघतील. चूक तुझी निघाली की देवळात चार माणसांसमोर कबूल करायचं. आणि त्यापुढं तुझी गाय उनाड सुटायची नाही. बारा महिने दाव्याला."

तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला. "बांधून घालायची तर वैरण कुठून आणू, काकी? माझ्यामागं कोण आहे?"

"ते मी कसं सांगू?"

"म्हणजे गाय विकू."

"विक. झेपत नाही त्यानं जनावर पाळू नये."

मी हे बोलले. लपवून कशाला ठेवू? तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तांबूचं दूध हेच तिचं जेवण होतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले.

चंद्री जाताना मागं वळून म्हणाली, "उद्या गावकर मळ्यात आत येतील ना?"

"येतील म्हणजे? आणणारच मी त्यांना. पावलापावलानं दाखवणार आहे तुझ्या गायीचे खूर."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दाजीबा आले. सत्तरीचा माणूस, गावाचा गावकर, देवळातला पहिला नारळ त्यांचा. बाकी काय सांगावं? एक वाक्य बोलायला तंबाखूची अर्धी चिमूट लागायची. बोलणं सुरू झालं की मध्ये थुंकायला उठायचे, आणि परत आल्यावर काय बोलत होतो ते दुसऱ्यानं सांगायचं. असल्या माणसाच्या हातात निवाडा. पण माझी बाजू इतकी सरळ होती की आंधळ्यानंही निवाडा दिला असता, म्हणून मला फिकीर नव्हती.

तापानंतर मी पहिल्यांदाच मळ्यात उतरत होते. शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पुढे दाजीबा, मागे चंद्री, सावलीसारखी.

मळा मात्र छान आला होता, एवढं म्हणायला हवं. वाफे कुदळीनं खणलेले, पावटा फुलावर. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी या मळ्याची बेणणी, वाढलेलं रान काढायचं काम, मीच करायची. कोयता घेऊन, गुडघाभर रानात, एकटी. सुनेला हात लावू देत नसे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, मथुराकाकींना या वयात काय हौस! औंदा भादव्यात तापानं पाडलं, म्हणून बेणणी शेवंतीनं केली होती. मी अंथरुणातून विचारलं होतं, "बेणलंस का?" ती म्हणाली होती, "बेणलं." तेवढ्यावर मी समाधान मानलं. तिच्याशी जास्त बोलायची माझी पद्धत नव्हती, हे सांगितलंच.

दाजीबा आधी वई बघत चालले. माझी अर्धी बघितली, हात लावून हलवून बघितली. "पक्की आहे."

"पक्कीच असणार," मी म्हटलं.

चंद्रीच्या अर्ध्या भागात पोचलो आणि मी न बोलताच सगळं दिसलं. करवंदीच्या फांद्या लोळलेल्या, एक बांबू मोडलेला, आणि त्यातून आत आलेले खूर. मऊ मातीत उमटलेले, ठसा मारल्यासारखे.

"घ्या," मी म्हटलं. "आता आणखी काय बघायचं?"

दाजीबांनी थुंकून घेतलं. "चंद्रे, वई तुझी."

"माझी," चंद्री म्हणाली.

"गाय तुझी."

"माझी."

"मग चूक..."

"माझी. दुरुस्त करायची राहून गेली."

एवढ्या पटकन कबूल केलेलं मला आवडलं नाही. मी आणखी बोलायच्या तयारीत आले होते. रात्रभर शब्द जुळवले होते. म्हणून मी म्हटलं, "नुसतं तोंडानं चूक म्हणून भागत नाही. माझं काय काय गेलं तेही बघा, दाजीबा. आत या. एकेक वेल बघा."

मीच म्हणाले. कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

दाजीबा खुरांवरून चालू लागले. आम्ही मागून. वाफ्यांच्या कडेनं, मग एक वाफा सोडून, मग थांबले. पुन्हा मागं वळून बघितलं. पुन्हा पुढं.

"मथुरा," ते म्हणाले, "तुझा पावटा तर सगळा उभा आहे."

"काय म्हणता? तोंडात वेल होता तिच्या!"

"वेल खाल्लेत. पण बघ, एका ओळीत. वाटेकडून सुरू केलंन ते सरळ पऱ्यापर्यंत. इकडचं काही नाही, तिकडचं काही नाही. गाय कधी अशी ओळीत चरते का गो?"

मी तेव्हा त्या ओळीकडे पहिल्यांदा बघितलं, आणि ती कशाची ओळ आहे ते ओळखलं.

दाजीबा गुडघे मोडत खाली बसले. चघळलेला वेल बाजूला केला. त्याखाली कोंब होते, बोटाएवढे जाड, पाला खुडून नेलेले, बुडखे उरलेले. आणि कोंबांच्या मधोमध मांडीएवढा खुंट, जमिनीबरोबर करवतीनं सपाट कापलेला.

"पांगारा," दाजीबा म्हणाले.

चार पावलं पुढं दुसरा. मग तिसरा. तंबाखू विसरून ते चालत राहिले. नऊ खुंट निघाले. वाटेपासून पऱ्यापर्यंत, दोरी लावल्यासारखे.

"शेवंते," मी म्हटलं. "तू बेणलंस म्हणालीस."

"बेणलं, आई. गवत सगळं काढलं. हे कोंब चांगले सरळ आले होते, ओळीत. मला वाटलं पावट्याला आधार होईल, मांडव घालायला नको. त्यांच्यावरच वेल चढवले."

"मला का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं. "तुम्ही कधी काही विचारलंत का, आई?"

कोंब वेलांनी झाकले होते म्हणून मला पडवीतून काही दिसलं नव्हतं. आणि तांबू पावट्यासाठी आलीच नव्हती. गुरांना पांगाऱ्याचा पाला साखरेसारखा लागतो. ती पाला खात गेली आणि वेल ओढत गेली, वाटेपासून पऱ्यापर्यंत, एक खुंट न चुकवता.

दाजीबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तिकडे आताची वई, इकडे ही खुंटांची ओळ. मध्ये चार हात जमीन. मळ्यातली सगळ्यात ओलीची, पऱ्याचा पाझर असलेली, पावटा जिथं सगळ्यात आधी फुलतो ती.

"मथुरा, हे काय गो?"

"जुनी झाडं," मी म्हटलं.

"पांगारा आपण होऊन ओळीत उगवत नाही."

"आमच्या ह्यांनी लावली होती. वेल चढवायला. त्यांनाच असली अवदसा सुचायची."

दाजीबांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला बावळट समजत आले होते. "खोटं बोलायचं तर बोल," ते म्हणाले. "पण भिकाजीच्या नावावर नको. तो माझ्याबरोबर शाळेत होता. त्यानं कधी कुणाची काडी हलवली नाही."

खरं आहे. आमच्या ह्यांनी कुणाची काडी हलवली नाही. करवत मी धरली होती, दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. चंद्रीचा नवरा शिवराम मुंबईच्या इस्पितळात पडला होता, ती त्याच्या उशाशी होती, तीन महिने घर बंद. वई नव्यानं घालायची साल आली होती. मी म्हटलं, नाहीतरी ही माणसं परत येऊन काय दिवे लावणार आहेत! जुनी वई पांगाऱ्याच्या ओल्या मेढींची होती, त्यांना मुळं फुटून झाडं झाली होती. ती जमिनीबरोबर कापली, वरून माती ओढली, आणि नवी वई चार हात पलीकडे, तिच्या परसात, घातली. आमचे हे म्हणाले होते, "मथुरा, कापून चालायचं नाही. पांगारा आहे. खणून मुळं काढू या." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. कापलं म्हणजे मेलं." त्या माणसाचं मी आयुष्यात एकदा ऐकलं असतं तरी पुरलं असतं.

चंद्री परत आली ती कपाळ पांढरं घेऊन. तिला कुठं वई बघायचं भान असणार, असं मी धरून चालले. पुढच्याच पावसाळ्यात कोंब फुटले. तेव्हापासून बेणणी माझी.

"होय," मी दाजीबांना म्हटलं. "मीच सरकवली. चार हात. आता काय, देवळापुढं उभी करणार मला?"

"तूच ठरवलं होतंस ना, देवळात कबूल करायचं ते?" दाजीबा म्हणाले, आणि त्यांना तंबाखूची आठवण झाली.

देवळात मी गेले. चार माणसांसमोर बोलले. मान खाली घातली नाही. ज्यांनी माझ्यापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं त्यांनी तेव्हाही उघडलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. त्यातल्या अर्ध्यांनी स्वतः बांध कोरले होते. ते माझ्याकडे बघत होते जसं मी आजवर सगळ्या जगाकडे बघत आले होते.

तांबू त्याच दिवशी सुटली. पाच दिवसांनी व्याली. कालवड झाली.

वई परत लावायची होती, दोघींनी मिळून, जुन्या ओळीवर. मी ऐनाच्या सुक्या मेढी काढून ठेवल्या. चंद्री आली ती डोक्यावर पांगाऱ्याच्या ओल्या फांद्यांची मोळी घेऊन.

"सुक्या आहेत की," मी म्हटलं.

"सुक्या कुजतात, काकी. ओल्याच घालू."

मी सुक्या बाजूला ठेवल्या. ती खड्डा करायची, मी मेढ धरायची. मी एक मेढ वाकडी धरली तर तिनं न बोलता सरळ केली. तिसऱ्या की चौथ्या मेढीला मला राहवेना.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"होतं."

"कधीपासून?"

"मुंबईहून आले त्या दिवशीच. न्हाणीच्या दारातून बघितलं, पांगारे नाहीत. मला काय डोळे नाहीत?"

"मग अकरा वर्षं तोंड शिवलं होतंस?"

तिनं पहारीनं खड्ड्यातली माती मोकळी केली. "बोलले असते तर तुम्ही मला वेडी ठरवलं असतंत. नवरा गेला, डोकं फिरलं म्हणाला असतात, आणि सगळ्यांना पटलं असतं."

हे खरं होतं. मी नेमकं हेच म्हणाले असते.

"मग दरसाल बघायची तुम्हाला," ती म्हणाली. "भर पावसात इरलं घेऊन यायचात, वाकून एकेक कोंब तोडायचात, माती ओढायचात, इकडंतिकडं बघायचात. मी दारात उभी असायची, पण माझ्याकडे तुम्ही कधी माणूस म्हणून बघितलंच नाहीत, तर दिसणार कशी? मी म्हणायची, चार हात गेले तर गेले. बघू, आधी कोण दमतंय. काकी का पांगारा."

आणि ती हसली. तोंड वाकडं करून नाही, चांगली मोकळी हसली. अकरा वर्षं मला वाटत होतं की मी तिची कीव करते. अकरा पावसाळे ती न्हाणीच्या दारात उभी राहून माझी करत होती.

मी मेढ सरळ धरली. ती माती चेपत गेली.

याला आता एकवीस वर्षं झाली. चंद्री दोन वर्षांमागं गेली. शेवटपर्यंत गाय होती तिच्या दारात, तांबूच्याच पोटची. वईची आता गरज उरली नाही. त्या मेढींचे पांगारे इतके जवळजवळ वाढलेत की खोडाला खोड लागलंय. माघात पानं झडतात आणि नुसती लाल फुलं राहतात. साळुंक्या सकाळपासून कालवा करतात, माझी झोप मोडते.

परवा शेवंती म्हणाली, "आई, पांगाऱ्यांची सावली पडते मळ्यावर. पावटा धरत नाही तिथं. तोडू का?"

मी पडवीतच होते. मला आता उतरवत नाही.

"कोयता लावू नकोस," मी म्हटलं. "तुला सरळ कापता येत नाही."